बुद्रुक, खुर्द आणि एक वारस नोंद

अन्याय झाला तो एका निवृत्त तलाठ्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, नाशिक रोडला जेल रोडवरच्या एका दुमजली घरात, खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण तो मेल मीच उघडला. त्या मेलने त्यांच्या वारलेल्या बायकोचं खातं बंद झालं, आणि त्या खात्यात तिने सहा वर्षं बसून वसवलेलं गाव त्यांना पुन्हा दिसणार नाही असं ठरलं. गाव कॉम्प्युटरवरच्या खेळातलं होतं. इथे ज्यांना हसू आलं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मी आता कुणाला थांबवत नाही.

ग्राहकांच्या हक्कांवर पत्रकं काढणारा आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. आमच्या पत्रकात अन्याय झालेल्या माणसाला दोन ओळी मिळतात. वय, व्यवसाय, काय गेलं, संपलं. त्या दोन ओळींत हा माणूस मावला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ते माझे घरमालक. वरच्या मजल्यावर मी आठ वर्षं भाड्याने राहिले. त्यांनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. माणसाला गावाने ओळखायची नोकरीतली सवय. मी मनमाडची, म्हणून मी मनमाड. "मनमाड, खाली ये, तुझं कुरिअर आलंय." दूधवाला पळसे, धुणीभांडीवाल्या मावशी सिन्नर. आणि बायको घोटी, कारण तिचं माहेर घोटीचं. "घोटी, चहा झाला का?" चाळीस वर्षांच्या संसारात ही हाक बदलली नाही. काकूंनाही तिचं काही वाटत नसे. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "माहेरचं नाव दिवसातून दहादा कानावर पडतंय, वाईट काय हाय त्यात?"

भाडेकरार करताना त्यांनी मला समोर बसवून अकरा महिन्यांच्या करारातलं कलम न् कलम मोठ्याने वाचून दाखवलं. प्रत्येक कलमानंतर विचारायचे, "कळलं?" मी हो म्हटलं की, "काय कळलं ते सांग." मी स्वतःला कायद्यातली समजत होते. सातव्या कलमाला माझी बोबडी वळली. त्यांनी चष्मा काढला. "लोकांना जागं करायला निघालीस ना तू? मग सही करायच्या आधी वाचत जा."

आता पाण्याची गोष्ट. मी दोन दिवस मनमाडला गेले होते. जाताना पाणी नव्हतं, नळ उघडाच राहिला. दुपारी पाणी आलं आणि माझ्या खोलीतून जिन्यावर वाहायला लागलं. काकांकडे माझ्या खोलीची दुसरी किल्ली होती, शर्टाच्या खिशातच असायची. हा माणूस दोन तास माझ्या बंद दाराबाहेर पायऱ्यांवर उभा राहून मला फोन लावत होता, आणि मी गाडीत, रेंज नाही. खालून काकू ओरडत होत्या, "अहो, उघडा ना, घर तुमचंच हाय." आणि हे वरून, "घर माझं आहे, ताबा तिचा आहे." शेवटी फोन लागला. मी म्हटलं, काका, उघडा. म्हणाले, "तसा मेसेज कर." मी केला. मग त्यांनी दार उघडलं, नळ बंद केला, खोली पुसून घेतली आणि परत कुलूप लावून मला मेसेज केला: चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आलो, कशाला हात लावला नाही.

त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात बरंच बोलले. आता वाटतं, दुसऱ्याच्या ताब्याला एवढा मान देणारा एकच मालक मी बघितला.

कॉम्प्युटर मुलीचा. ती लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा मागे राहिला. तिनेच आईला खातं उघडून दिलं, आईच्या नावाने, वेळ जावा म्हणून. ज्यांना या जगाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरवरचे खेळ आता डबीतून येत नाहीत. इंटरनेटवर त्यांची दुकानं आहेत. तिथे खातं उघडायचं, पैसे भरायचे, खेळ तुमच्या खात्यात येतो. पण खेळायचा तर दरवेळी त्या दुकानाच्याच दारातून आत जावं लागतं. दार त्यांचं, कुलूप त्यांचं.

या दुकानांची नावं काकांना कधी पाठ झाली नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली. सगळ्यात जुनं आणि अवाढव्य ते बुद्रुक. त्याच्यावर कुरघोडी करायला नंतर आलेलं ते खुर्द. तिसरं एक छोटं, जे खेळाची अख्खी फाईल तुमच्या हातात देतं, नेऊन ठेवा म्हणतं, ती वस्ती. घरातले सगळे तेच बोलायला लागले. मीसुद्धा.

बुद्रुक आणि खुर्द यांचं भांडण काकूंना फार आवडायचं. खुर्द दर गुरुवारी एक खेळ फुकट द्यायचं, बुद्रुकची गिऱ्हाइकं ओढायला. काकू गुरुवारी संध्याकाळी दिवाबत्ती झाली की खुर्दवर जाऊन फुकटचा खेळ घ्यायच्या आणि उघडायच्यासुद्धा नाहीत. "असू दे. ठेवायला काय जागा लागतीय?" मग बुद्रुक चवताळून सेल लावायचं. एखादा खेळ खुर्द पैसे मोजून वर्षभर अडवून धरायचं, म्हणजे तो बुद्रुकवर मिळायचाच नाही. काकूंचा गाव वसवायचा खेळ असाच अडकला होता. त्या वर्षभर थांबल्या. मी म्हटलं, खुर्दवर घ्या ना आजच. तर म्हणाल्या, "माझं सगळं बिऱ्हाड बुद्रुकला हाय. एका खेळासाठी गाव बदलू व्हय?"

काका हे लांबून ऐकत असायचे, पेपर तोंडापुढे धरून. एकदा पेपरामागूनच म्हणाले, "दोघं भांडतात, पण सातबारा एकही देत नाही. नुसती वहिवाट देतात."

मला ते वाक्य तेव्हाच पत्रकात घालायचं होतं. ती माझी खोड आहे. माणूस बोलत असतो आणि मी मथळा शोधत असते.

काकूंचं गाव मी बघितलं होतं. दुपारी एक ते चार त्या बसायच्या, पदरावरून हेडफोन लावून. देवळालीच्या तोफांचा सराव चालू असला की खिडकीची काच थरथरायची, आणि काकू माऊस उचलून थांबायच्या, जणू गावातला पूल हलेल. त्या खेळात भात नव्हता. कुठलंसं परदेशी हिरवं पीक होतं, त्याला त्या भातच म्हणायच्या. डोंगरउतारावर त्यांनी पायरीपायरीने खाचरं काढली होती, खाली नदी, नदीवर दोन कमानींचा पूल, पुलापलीकडे बाजार. सहा वर्षांत त्या गावात एकदा आग लागली, दोनदा पूर आला. काकूंनी ते पुन्हा उभं केलं. एक घर नदीच्या वळणावर एकटंच होतं. मी विचारलं हे कुणाचं. "तलाठी ऑफिस," त्या म्हणाल्या. "ह्यांना बोलावून बोलावून दमले. ऑफिस बांधलंय, आता तरी येतील."

त्या बोलवायच्या हे मी स्वतः ऐकलंय. "अहो, या ना, पाच मिनिटं. पूल बघा, लय भारी झालाय." आणि काका पेपरातून, "आयुष्यभर गावंच बघितली गं. आता घरात बसू दे."

मागच्या उन्हाळ्यात काकूंना ताप आला. दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी त्या तिथेच गेल्या.

तेरावा झाल्यावर काका कामाला लागले. त्यांचं दुःख करायचं साधन तेच होतं. काकूंच्या नावावर जे जे होतं ते रीतसर आपल्या नावावर करून घ्यायचं. लाइटचं मीटर, गॅसचं कार्ड, पासबुक, रेशनकार्डावरून नाव कमी करणं. रोज सकाळी पिशवीत मृत्यूचा दाखला, आधार, दोन फोटो, आणि हा माणूस रांगेत. पंधरा-वीस दिवसांत सगळं झालं. मग एका दुपारी, एक वाजता, त्यांनी मला हाक मारली. कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटर बंद होता.

"मनमाड, घोटीचं गाव बघायचंय."

मी म्हटलं, "चालू करू?"

"असं कसं? खातं तिच्या नावावर आहे. आधी वारस नोंद."

मुलीला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, "पप्पा, पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय. कागदाला कैरीचं मॅग्नेट आहे. उघडा आणि बघा. कोण येतंय विचारायला?"

"मयताच्या खात्यात शिरू?"

"आईचं आहे पप्पा."

"आईचं आहे म्हणूनच." मग म्हणाले, "तू पण वारस आहेस. तुझं हक्कसोड पत्र लागेल. स्टॅम्पपेपरवर दे."

 मग ती म्हणाली, "गेमसाठी?" आणि मग, "बरं. पाठवते." तिने पाठवलंही. बहिणींकडून गोड बोलून जमिनी लिहून घेतात त्या कागदाबद्दल माझं मत काय आहे ते आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे. पण हा एकच हक्कसोड असा बघितला की घेणाऱ्याला त्यात एक गाव फक्त बघायचं होतं.

आता माझा भाग. तो गाळला तर हे सगळं खोटं ठरेल.

मला माहीत होतं काय होणार. या दुकानांच्या अटी मी वाचल्या होत्या, काकांनीच लावलेली सवय. खेळ विकलेला नसतो, वापरायची परवानगी असते. ती एका माणसापुरती असते आणि दुसऱ्याच्या नावे होत नाही. वारस हा शब्द त्यात कुठे नाही. मी काकांना सांगायला हवं होतं की हा अर्ज करू नका, फ्रिजवरचा कागद काढा, गाव बघा आणि गप्प बसा. मी सांगितलं नाही. आमच्या गटाला कित्येक महिन्यांपासून एक प्रकरण हवं होतं. सरळमार्गी म्हातारा, कागदपत्रं चोख, समोर अवाढव्य कंपनी. मी मनात मथळासुद्धा लिहून टाकला होता. वाटलं होतं, इतका चोख अर्ज बघून ते निदान अडखळतील. आणि नाही अडखळले तर पत्रक निघेल.

मग अर्ज झाला. विषय: मयत पत्नीचे खाती वारस नोंद करून मिळणेबाबत. काका मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होते. चतुःसीमा टाकायचीच असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, दुकानाला त्याचं काय? "मिळकतीचं वर्णन नको? मग कुठल्या गावाबद्दल बोलतोय ते त्यांना कसं कळणार?" पण गाव त्यांनी बघितलेलंच नव्हतं. त्यांनी मला विचारलं. पूर्वेला काय? मी म्हटलं नदी. पश्चिमेला? डोंगर, उतारावर खाचरं. उत्तरेला? बाजार, पुलापलीकडे. दक्षिणेला मला आठवेना. त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. मग मला आठवलं, आणि मी सांगितलं. नदीच्या वळणावर तलाठी ऑफिस.

ते लिहायचे थांबले. "कुणाचं?"

"तुमचं. काकूंनी बांधलं होतं."

त्यांनी ते कागदावर लिहिलं. दक्षिणेस तलाठी कार्यालय. अक्षर नेहमीसारखंच सरळ.

अर्ज पाठवायच्या आधी पंधरा दिवस हरकतीची नोटीस लावायची असते, ती त्यांनी फाटकावर लावली. सदर खाते आमचे नावे होणेस कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. शेजारच्या सोसायटीतली पोरं फोटो काढून गेली. पळशाचा दूधवाला रोज सकाळी ती वाचायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊसाहेब, माझी काय हरकत नाय. पण काकींनी मला त्या गावात गोठा देते म्हनलं व्हतं."

"दिला होता का?" काकांनी मला विचारलं.

दिला होता. पुलाच्या अलीकडे. मी तसं सांगितलं. दूधवाल्याने किटलीचं झाकण लावलं आणि नेहमीसारखी घंटा न वाजवता गेला.

सोळाव्या दिवशी अर्ज गेला. सोबत मृत्यूचा दाखला, हक्कसोड पत्र, नोटिशीचा फोटो. मग पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते उत्तर.

सात ओळींचं होतं. पहिल्या ओळीत दुःखात सहभागी आहोत. मग, खातं वैयक्तिक असून हस्तांतरित होत नाही. मग, खातेदाराचा मृत्यू झाल्याचं आपण कळवल्यामुळे सुरक्षिततेसाठी खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. शेवटी, कृपया या मेलला उत्तर देऊ नये.

मी मराठीत सांगितलं. काकांनी विचारलं, "सही कुणाची?"

"सही नाही. एक नाव आहे, पुढे 'टीम' लिहिलंय."

"हुद्दा?"

"नाही."

"मग हा आदेश होत नाही," ते म्हणाले. "बिनसहीच्या कागदावर मी कधी कुणाचं शेत काढून घेतलं नाही."

मी फ्रिजवरचा कागद आणला, कैरीच्या मॅग्नेटसकट. पासवर्ड टाकला. आत घेईना. पुन्हा टाकला. तेव्हा तोफा चालू होत्या, काच वाजत होती. काका म्हणाले, "राहू दे मनमाड. तिसऱ्यांदा नको."

सगळ्यात संताप येतो तो याचा की गाव त्या मशिनमध्येच आहे. त्याची फाईल आजही तिथे पडली आहे, मी शोधून काढली. पण ती उघडणारा खेळ बुद्रुकच्या दारातून जातो. मी खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. ते म्हणाले दुकानाला विचारा. दुकानाला तीनदा लिहिलं. तीनदा तेच उत्तर, तीच सहानुभूती, शब्दाला शब्द. वस्तीवर तो खेळ मिळतच नव्हता.

आणि मग साधारण महिन्याने, एका गुरुवारी, खुर्दने तोच खेळ फुकट वाटायला काढला. बुद्रुकला खिजवायला. मी जिना उतरून धावतच खाली गेले.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा असल्या दुकानात स्वतःच्या नावे खातं उघडलं. अटी सगळ्या वाचून घेतल्या, मी मराठीत सांगायचं, ते मान हलवायचे. पाच दिवस लागले. फुकटची मुदत संपायला एक दिवस राहिला तेव्हा खेळ त्यांच्या नावावर आला. सुरू केला. समोर मोकळं माळरान. हिरवं, सपाट, कोपऱ्यात एक ओढा.

"हिची नदी कुठंय?"

"ही वेगळी जमीन आहे काका."

मी ती फाईल इकडून तिकडे टाकून बघितली. खेळ म्हणाला, ही या खातेदाराची नाही. खरंच बोलला. काका स्क्रीनकडे बघत राहिले. दोन गावं शेजारी शेजारी, म्हणाले, आणि शिवेवर रस्ता नाही.

आमचं पत्रक निघालं. नाशिक रोड स्टेशनबाहेर आणि कॉलेजच्या फाटकांवर आम्ही ते वाटलं. बुद्रुक आणि खुर्द यांची स्पर्धा आपल्या भल्यासाठी चालली आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते वाचावं असं मला वाटत होतं. स्वस्त कोण, फुकट कोण, यावर ते एकमेकांचे गळे धरतात. खेळ खरंच तुमचा कोण करून देतं, यावर एकदाही भांडत नाहीत. त्या बाबतीत दोघांची भाषा एकच आहे. पोरं पत्रक वाचून म्हणायची, "पण ताई, पासवर्ड होता ना त्यांच्याकडे?"  एकाने तर विचारलं, "यांना एवढं सरळ वागायला सांगितलं कुणी?"

हे मी काकांना सांगितलं. आणि सांगता सांगता दुसरंही सांगून टाकलं, की मला आधीपासून माहीत होतं. गुपचूप बघा असं मी म्हणायला हवं होतं.

"मी ऐकलं नसतं," ते म्हणाले.

"तरी सांगायला हवं होतं."

त्यांनी चष्मा पुसला. "हो. सांगायला हवं होतंस."

बस्स. भाडं वाढवलं नाही, बोलणं तोडलं नाही. फक्त त्या दिवसापासून कागद वाचून दाखवायचा असला की ते मुलीला फोन करायचे. मला नाही.

गेल्या महिन्यात करार संपला आणि मी ती जागा सोडली. त्यांनी ताबा पावती केली, मी सही केली, त्यांनी मला एक प्रत दिली. दुपारचा एक वाजला होता. ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि खुर्दवरचं ते माळरान उघडलं. एकही घर नव्हतं. मी म्हटलं, काहीतरी बांधा ना काका.

"नको. गायरान ठेवलंय." मग म्हणाले, "बुद्रुकला पाचवा अर्ज टाकलाय. पोच आली तर कळवीन."

आली नाही.

आता तुम्ही. ज्यांनी इथवर वाचलं त्यांच्यापैकी अर्ध्याअधिक लोकांचं असं एखादं खातं आहे, मला ठाऊक आहे. घरात कुणी "या ना, पाच मिनिटं बघा" म्हणत असेल तर आधी उठून बघून या. मग बसा, आणि आजच्या आज तुमच्या दुकानाला, बुद्रुक असो की खुर्द, एक ओळ लिहा: माझ्यानंतर हे कुणाचं? खाली तुमचं नाव लिहा, गाव लिहा. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा मागा. आणि पोच आल्याशिवाय गप्प बसू नका.